टाकीचं विरजण

माझा साडू रघुजी साबण वापरायच्या आधी साबण धुतो. हे मी त्याच्या पाठीमागे सांगत नाही. तोंडावर सांगून झालं, तेव्हा तो म्हणाला, "मग? साबणाला काय लोकांचे हात लागलेले नसतात?" नळ सोडायच्या आधी नळ धुवायचा, नारळ फोडायच्या आधी नारळ घासायचा, आणि रिक्षात बसण्यापूर्वी सीट पुसून झाली की तोच रुमाल रिक्षावाल्यापुढे धरायचा, "तुम्हीही स्वल्प तोंड पुसून घ्या." तो बेंगळुरूत बनशंकरीला राहायचा तेव्हा स्टँडवरचे रिक्षावाले त्याला लांबून बघूनच झोपेचं सोंग घ्यायचे.

माझी बायको थोरली आणि तिची धाकटी बहीण कावेरी ही रघुजीची, म्हणून आम्ही साडू. त्यांच्या लग्नात याने अक्षता धुऊन, वाळवून, निवडून ठेवायला लावल्या होत्या. कावेरीने पहिला घास भरवायला हात पुढे केला तर याने आधी तिची नखं पाहिली. आपल्याला नवरा मिळाला नसून तपासनीस मिळालाय, हे तिने तिथेच ओळखलं. पण पोरगी हुशार. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने आजपर्यंत एक भांडं घासलेलं नाही. घासलं तर तो परत घासतो, मग दोघांनी कशाला दमायचं, असं तिचं म्हणणं.

अशा माणसाच्या हाती शेवटी एका गावाचं सांडपाणी आलं. देवाला थट्टा कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा कोडीपाळ्याला जाऊन यावं.

कोडीपाळ्या म्हणजे देवनहळ्ळीच्या पुढची एक लहानशी वाडी. निम्म्या रानात द्राक्षं, निम्म्यात प्लॉट पाडल्याचे दगड. रघुजी बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागला, फोरमन होऊन निवृत्त झाला आणि शहराची धूळ नको म्हणून तिथे घर बांधून राहिला. हवा खरोखर स्वच्छ होती. गटार नव्हतं, हे घर बांधून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. चकोत्याच्या, म्हणजे आपल्या पपनसाच्या एका डेरेदार झाडाला भुलून त्याने गावातली सगळ्यात खालची जागा घेतली होती, आणि पाणी कुठे जातं हे फिटरला कोणी शिकवायला नको. साऱ्या वाडीच्या मोऱ्यांचं, न्हाणीघरांचं, भांड्याकुंड्यांचं पाणी गल्लीतून खेळत खेळत येऊन रघुजीच्या फाटकासमोर, बसथांब्यावर विसावायचं. बसमधून उतरणारा माणूस पहिलं पाऊल त्या डबक्यात टाकायचा आणि दुसरं रघुजीच्या अंगणात. तेव्हा रघुजी दारात बादली घेऊन उभा असायचा. पाहुण्यांचे पाय धुवायची जुनी रीत त्या वाडीत परत आली ती अशी.

पुढे एका संस्थेने कोडीपाळ्यात सांडपाणी शुद्ध करायची टाकी बांधून दिली आणि तशीच दुसरी शेजारच्या हुणसेपाळ्या नावाच्या वाडीत. काम साधं. सगळं पाणी पाइपातून आधी एका झाकलेल्या हौदात येतं, तिथे गाळ खाली बसतो. मग ते कमरेइतक्या खोल उघड्या टाकीत जातं. तिथे एक पंखा पाइपाने पाण्यात हवा सोडतो आणि त्या हवेवर जगणारे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. पुढे खडीच्या वाफ्यात लावलेल्या कर्दळीतून झिरपत ते तळ्यात पडतं आणि फुलझाडांना जातं. संस्थेची वेदिका नावाची मुलगी, मूळची पुण्याची, हे सगळं समजावून सांगायला आली होती. ती रघुजीला म्हणाली, "आजोबा, टाकीतलं पाणी ब्राउन दिसलं ना, की समजायचं सगळं ओके आहे. तोच आपला वर्किंग स्टाफ. त्याला हात नाही लावायचा."

रघुजीने मान डोलावली. पण मी त्याच्या शेजारीच होतो आणि त्याचा चेहरा मला दिसत होता. ब्राउन पाण्याला हात न लावायची सूचना म्हणजे मांजराला दुधाची राखण.

तरी टाकीची किल्ली त्यालाच मिळाली. कारखान्यातला माणूस, पंपाबिंपातलं कळतं, शिवाय बाकी कोणाला ती नको होती. रघुजीने ती करगोट्याला बांधली. तेव्हापासून त्याच्या आयुष्याला पुन्हा खाकी कपडे आले. सकाळी अंघोळ करून, गंध लावून, इस्त्रीचा खाकी शर्ट घालून तो टाकीवर जायचा. कोणी पाहुणा आला की आधी टाकी, मग चहा. एकदा मी म्हटलं, "रघुजी, आधी चहा दिलास तर टाकी जास्त आवडेल." तर म्हणाला, "साडूभाऊ, टाकी बघितल्यावर ज्याला चहा जातो तोच खरा माणूस." निवृत्तीनंतर दोन वर्षं हा माणूस कारखान्याच्या भोंग्याच्या वेळेला उठून खुर्चीत नुसता बसून राहायचा, हे मला कावेरीने सांगितलं होतं. म्हणून मी टाकी बघायचो आणि चहाही घ्यायचो.

आता हुणसेपाळ्याच्या अंबूबाईंबद्दल. ही बाई निपाणीकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आली, नवरा गेल्यावर म्हशींपायी राहिली. दही विकते. दही असं, की बसवनगुडीच्या माझ्या घरून मी त्यासाठी बस पकडून जाईन. कावेरी गुपचूप तिच्याकडूनच दही घेते आणि रघुजीला डेअरीचं म्हणून वाढते. हे त्याला अजून ठाऊक नाही. तुम्हीही बोलू नका.

हुणसेपाळ्याची किल्ली या अंबूबाईंकडे. दर मंगळवारी ती टाकीत वाडगाभर ताक ओतायची, पंख्याला दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा टिक्का लावायची आणि टाकीशी म्हशीशी बोलावं तशी बोलायची. ताकाने टाकी चांगली चालते असं तिचं ठाम मत. कधी म्हणायची काजळाने. मला विचाराल तर टाकी चालायची ती तिच्या आळसाने, कारण काजळ लावण्यापलीकडे तिने तिला कधी बोट लावलं नाही.

रघुजी एकदा ती टाकी बघायला गेला. पंख्यावर कोळ्याचं जाळं होतं. याने खिशातून रुमाल काढला. अंबूबाई म्हणाली, "असू द्या ओ अण्णा, कोळी बी आमचाच हाय." झालं. रघुजीने गावभर केलं की हुणसेपाळ्याची टाकी कोळी चालवतो. अंबूबाईने बाजारात सांगितलं की कोडीपाळ्यात एक म्हातारा पाण्यालाच अंघोळ घालतो. मग तो बाटलीत आपलं पाणी घेऊन पंचायतीत जायचा, ती तांब्यात आपलं. दोघं ओसरीवर बसून कोणाचं नितळ यावर वाद घालायचे आणि लोक आपली कामं सोडून ऐकत बसायचे.

पंचायतीच्या अध्यक्षा शिवलीला. माहेर बिदरकडचं, म्हणून मराठी कळते आणि राग आला की बोलतेही. एका दिवशी ती मराठीत बोलली. "पुरे आता. दोन वाड्यांना दोन किल्ल्या कशाला? दसरा होऊ दे, दोन्ही टाक्या बघून ठरवते. दोन्ही किल्ल्या एकाकडे."

रघुजीचा हात आपोआप करगोट्याकडे गेला. त्या रात्री तो जेवला नाही, असं कावेरी म्हणाली. म्हणजे जेवला, पण ताट धुतलं नाही. कावेरी घाबरली ती त्यानेच.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी इकडे आयुधपूजा. बेंगळुरूत त्या दिवशी जे जे चालतं, फिरतं, गरगरतं, ते सगळं धुतलं जातं. बस, रिक्षा, लेथ, शिवणयंत्र, उसाचा चरक, सगळ्याला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, कुंकू, आणि पुढ्यात कोहळा फोडायचा. कारखान्यात होता तेव्हा सगळ्यात चकचकीत मशीन रघुजीचं, दरवर्षी. निवृत्तीनंतर मात्र त्याला धुवायला यंत्रं पुरेनात. मिक्सर धुतला, सायकल धुतली. माझं कानातलं ऐकायचं यंत्रही मागून नेलं, धुतलं आणि कुंकू लावून परत दिलं. तेव्हापासून मला उजव्या कानाने काही ऐकू येत नाही. एक सोय झाली, ज्याचं ऐकायचं नसतं त्याला मी उजवीकडे बसवतो.

त्या वर्षी मात्र त्याच्याकडे टाकी होती. आणि वर शिवलीला बघायला येणार होती.

त्याने पंखा बंद केला. पंपाने टाकी उपसली. बांबूला काथ्या बांधून लांब दांड्याचा कुंचा केला, काठावर उभा राहून तळ घासला, भिंती घासल्या. ब्लीचिंग पावडर टाकली. फिनेल टाकलं. परत घासली. मग बोअरचं स्वच्छ पाणी भरलं, केळीचे खुंट बांधले, माळा सोडल्या, काठावर कोहळा फोडला. साऱ्या वाडीला बोलावून चुरमुरे वाटले. लोकांनी वाकून पाहिलं तर तळाची जोडरेघसुद्धा दिसत होती. एक म्हातारी म्हणाली, "अण्णा, ओंजळ भरून प्यावंसं वाटतंय." रघुजीचे डोळे भरून आले. मी तिथेच होतो, चुरमुरे खात. मलाही काही सुचलं नाही, हे कबूल करून टाकतो. पंखा छान दिसत होता.

दसरा गेला आणि वास आला.

पहिल्या दिवशी रघुजी म्हणाला, कोणीतरी मासळी आणलीय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, हुणसेपाळ्याच्या बाईची दृष्ट लागली. तिसऱ्या दिवशी मी गेलो होतो, तर त्याने माझे बूट दोन बोटांनी उचलून फाटकाबाहेर ठेवले. पण वास बुटांसोबत गेला नाही. गावची कुत्री शेताकडे राहायला गेली. बसचा ड्रायव्हर थांब्यावर गाडी उभी करेना, पुढे वळणावर नेऊन उतरवायला लागला. घरोघरचं पाणी टाकीत येत होतं आणि ते खाणारं टाकीत कोणी उरलं नव्हतं, एवढी साधी गोष्ट. पाणी आधी दुधाळ झालं, मग काळं. आणि तक्रारी ऐकून शिवलीलेचा निरोप आला. परवा सकाळीच येते.

तेव्हा कुठे कावेरीने वेदिकाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"आजोबा, एक मिनिट. तुम्ही एरेशन टँकमध्ये ब्लीचिंग टाकलंत?"

"टाकलं."

"किती?"

"पूजेला मोजून टाकतात का?" रघुजी म्हणाला.

मग वेदिका म्हणाली, "आजोबा, सगळे बॅक्टेरिया मेले. आता दुसऱ्या चालू प्लांटमधून गाळ आणून सीड करायला लागेल. आजच आणा, निदान दोन रात्री तरी हवा मिळू दे त्यांना. तुमच्या जवळचा प्लांट कुठला? थांबा, आठवलं. हुणसेपाळ्या ना? मग तर सोप्पं आहे."

फोन ठेवल्यावर कावेरी म्हणाली, "म्हणजे विरजण. आपलं संपलं की शेजारून आणायचं."

"त्या बाईकडून? मी?"

"मग किल्ली सोडून ठेवा इथे टेबलावर. परवा शिवलीला येऊन घेऊन जाईल, तुम्हाला उठायला नको."

रघुजीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी येतो बरोबर. बोलायचं काम माझ्याकडे." उपकाराची भावना वगैरे काही नव्हती. असला प्रसंग चुकवून मी बसवनगुडीला जाऊन काय करणार होतो?

दुपारीच निघायचं होतं. पण घाण आणायला जायचं म्हणून रघुजीने आधी अंघोळ केली. मग दुधाचे दोन मोठे कॅन धुतले. धुताना अंगावर पाणी उडालं, म्हणून परत अंघोळ केली. हुणसेपाळ्याला पोचलो तेव्हा अंबूबाई अंगणातला दिवा लावून वळत होती.

"या की, या," ती म्हणाली. "वास कालच येऊन गेला. म्हटलं, आता माणसं बी येत्याली."

रघुजी आभाळाकडे पाहायला लागला. मी म्हटलं, "अंबूबाई, स्वल्प विरजण पाहिजे होतं."

"दह्याचं?"

"टाकीचं."

ती पायरीवर बसली. बसून ऐकण्यासारखं आहे हे तिला कळलं. "काय झालं म्हणायचं?"

"आयुधपूजा झाली," रघुजी आभाळाला म्हणाला.

"ती आमच्याकडं बी झाली. काजळ लावलं, फूल वाहिलं. तुम्ही काय केलासा?"

"धुतली."

"काय धुतलासा?"

"टाकी."

"आतनं?"

"आतून."

"कशानं?"

मीच सांगून टाकलं, "ब्लीचिंग पावडर. आणि फिनेल."

"आणि?"

"आणि शेवटी गुलाबपाणी," रघुजी स्वतःच म्हणाला. खोटं बोलणं ही त्याच्या मते आतली घाण. मला हे गुलाबपाण्याचं माहीत नव्हतं.

अंबूबाई पदर तोंडात धरून हसली. हसणं थांबेना तेव्हा गोठ्यातल्या म्हशीने मान वळवून बघितलं. मग डोळे पुसून म्हणाली, "देते की. त्यात काय. सकाळी या."

"आजच पाहिजे. परवा शिवलीला येणार."

"आता दिवा लागला न्हवं. दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर देत न्हाईत आमच्यात. लक्ष्मी जाते."

"अहो, पण हे दही नाही," मी म्हटलं. "गाळ आहे. टाकीतला."

"दारात आलासा तवा विरजण म्हटलासा. आता अडलं की गाळ?" ती म्हणाली. "माझ्या म्हशी ह्या घरात हाईत, माझं दही ह्या घरात हाय. मी न्हाय द्यायची."

रघुजी कॅन उचलून वळला. आणि मी काय पाहिलं तर त्याचा दुसरा हात करगोट्यावर होता, तान्ह्या पोराच्या पाठीवर असतो तसा. अंबूबाईनेही पाहिलं असावं. तिचा आवाज जरा खाली आला.

"घराबाहेर देत न्हाईत म्हटलं. घरातल्याला चालतंय."

"आम्ही घरातले कुठले?" मी विचारलं.

"भाऊ असला की घरातलाच. भावाला दिलेलं बाहेर गेलं असं कोण म्हणत न्हाई." ती रघुजीकडे वळली. "अक्का म्हणा."

रघुजी मला म्हणाला, "मी हिच्यापेक्षा मोठा आहे."

"मग तंगी म्हण," मी म्हटलं. तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे काय सांगायचं.

"तंगी म्हटलासा तर एक कॅन," अंबूबाई म्हणाली. "अक्का म्हटलासा तर दोन्ही."

रघुजीने विचार केला. मग त्याने पायरीवरचा तांब्या उचलला, तांब्याची कड धुतली, खळखळून चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "अक्का."

"ऐकू आलं न्हाई."

"मलाही नाही," मी म्हटलं. तो माझ्या उजवीकडे उभा होता.

"अक्का," रघुजी म्हणाला, आणि या वेळी गोठ्यापर्यंत ऐकू गेलं.

अंबूबाईने स्वतः बादलीने दोन्ही कॅन भरून दिले. दाट, तपकिरी, पावसाळ्यात रानात येतो तसा मातकट वास. झाकणांना हळद लावली. मग कॅनवर वाकून म्हणाली, "नीट राहा गं बायांनो. तिकडं लई धुत्यात."

परतीची बस भरलेली. वेदिकाने झाकण घट्ट लावू नका, आतले जीव गुदमरतात असं बजावलं होतं. म्हणून रघुजी दोन सीटांच्या मध्ये उभा राहून झाकण किलकिलं करून रुमालाने वारा घालत होता. कंडक्टर मंजुनाथ रोजचा ओळखीचा. त्याने विचारलं, "अण्णा, काय आहे कॅनमध्ये?"

रघुजी वारा घालत राहिला. मी म्हटलं, "विरजण."

"एवढं? कोणाचं लग्न?"

"अण्णांच्या टाकीचं."

मंजुनाथने आणखी विचारलं नाही, पण खिडकीकडे सरकला. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या एका बाईने पिशवीतून डबा काढून पुढे केला. "अण्णा, घरचं आहे ना? थोडं आम्हालाही द्या की."

रघुजीने तिच्याकडे अत्यंत गंभीरपणे पाहिलं. "दिवा लागल्यावर आमच्यात देत नाहीत," तो म्हणाला.

वळणावर एकाचा धक्का लागून थोडं विरजण माझ्या धोतरावर सांडलं. "स्वल्प अड्जस्ट माडी, जरा सांभाळून घ्या," तो गृहस्थ म्हणाला. मी केलं. रघुजीने माझं धोतर पुसायला रुमाल पुढे केला, मग थांबला, सांडलेलं बोटाने निपटून परत कॅनमध्ये टाकलं. या माणसाने हे केलं असं मी घरी सांगितलं, तर माझ्या बायकोने विश्वास ठेवला नाही. अजून ठेवत नाही.

दोन्ही कॅन टाकीत ओतले, पंखा सुरू केला, आणि रघुजी तिथेच खुर्ची टाकून बसला. मी बसवनगुडीला परतलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज एकदम हळू, नात झाल्याचं सांगावं तसा. "साडूभाऊ," तो म्हणाला, "पाणी मळलं."

शिवलीला आली त्या सकाळी मी हजर होतो, हे वेगळं सांगायला नको. ती आधी हुणसेपाळ्याला जाऊन आली. पंचायतीच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर अंबूबाई, मांडीवर तांब्या. सारी वाडी टाकीभोवती जमली. वास गेला नव्हता, पण बसावं की उठावं या विचारात होता. पुढच्या तळ्यातलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, शेजारी अंबूबाईच्या तांब्यातलं दुसऱ्या पेल्यात. शिवलीलेने दोन्ही पेले उन्हात धरले. बघणाऱ्याला फरक सांगता आला नसता.

"दोन्ही सारखंच की," ती म्हणाली.

"असणारच," अंबूबाई म्हणाली. "दोन्ही टाक्यांत माझीच पोरं हाईत. ह्यांची सगळी मेली. मी दिली परवा."

"दिली होती," रघुजी म्हणाला. "तेव्हापासून खातायत कोणाचं? कोडीपाळ्याचं. जो जिथे जेवतो तो तिथला."

"माहेर कुठलं ते बगायचं का न्हाई?"

"सासरी आल्यावर माहेर कशाला?"

"मतदार यादीत नाव कुठे आहे त्यांचं?" गर्दीतून कोणीतरी विचारलं, आणि शिवलीलेने कपाळाला हात लावला. "गप्प बसा सगळे," ती मराठीत म्हणाली. "पाणी सारखं आहे. मग मला एवढंच बघायचं, की किल्ली कोणाकडे असली तर टाकीला धोका कमी."

हे ती म्हणत होती तेव्हा सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली. रघुजी टाकीच्या काठावर ओणवा झाला होता. पंख्याने उसळलेला तपकिरी फेस काठावर चढला होता आणि तो आपल्या नकळत, पांढऱ्या रुमालाने, हळूहळू तो पुसत होता.

कावेरी म्हणाली, "अहो." तेव्हा त्याने वर पाहिलं, मग हातातला रुमाल पाहिला.

स्वतःहूनच उठला. शर्ट वर करून करगोट्याची गाठ सोडायला लागला. गाठ धुऊन धुऊन आवळली होती, वेळ लागला. किल्ली पुसली, अंबूबाईच्या हातावर ठेवली आणि घरात गेला. त्या दिवशी मी चहा मागितला नाही.

नंतरचे पंधराएक दिवस तो पुन्हा भोंग्याच्या वेळेला उठून खुर्चीत बसायला लागला. अक्का म्हटल्याची गोष्ट मात्र अंबूबाई विसरली नव्हती. भाऊबिजेला ती ताट घेऊन कोडीपाळ्यात दत्त म्हणून उभी. रघुजीने निमूट ओवाळून घेतलं आणि ओवाळणी म्हणून ताटात झाडाचा एक चकोता टाकला, साबणाने धुतलेला. तिने तो नाकाला लावला, शिंकली, आणि पदराची गाठ चाचपत म्हणाली, "बाहेरचं फाटक, पाइप, कर्दळ, सगळं तू बघायचं. काय घासायचं ते घास. टाकीला हात न्हाई लावायचा." ओवाळल्याबरोबर ती अरेतुरेवर आली होती. मग थोडं थांबून म्हणाली, "आणि आयुधपूजेला किल्ली तुझी. टाकी न्हाई, किल्ली. दिवा लागायच्या आत परत आणून द्यायची. नंतर मी घेत न्हाई."

त्याला यंदा एक वर्ष झालं. आयुधपूजेच्या दिवशी मी गेलो होतो. रघुजी पहाटेपासून अंबूबाईने दिलेल्या दोन्ही टाक्यांच्या किल्ल्या घेऊन बसला होता. आधी चिंचेने घासल्या, मग रांगोळीने, मग दातांच्या ब्रशने एकेक खाच. केळीच्या पानावर ठेवून कुंकू लावलं, झेंडूच्या दोन पाकळ्या वाहिल्या आणि पुढ्यात लिंबाएवढा कोहळा फोडला. एवढा लहान कोहळा त्याने कुठून आणला, मी विचारलं नाही. सगळ्या वाडीला चुरमुरे वाटले. टाकी पलीकडे फेस काढत, मळकट, सुखात होती.

दिवस उतरायच्या आत आम्ही बसने हुणसेपाळ्याला गेलो. मंजुनाथने त्याच्या हातातली रुमालाची पुरचुंडी बघून विचारलं, "काय आहे अण्णा, विरजण?"

"आयुध," रघुजी म्हणाला.

अंबूबाई दही घुसळत होती. कोपरापर्यंत दोन्ही हात ताकाने माखलेले. तिने तसाच हात पुढे केला. रघुजीने पुरचुंडी सोडली. सोन्यासारख्या लखलखणाऱ्या त्या दोन किल्ल्या त्याने त्या हाताकडे पाहत धरून ठेवल्या. मी त्याच्या डावीकडे सरकलो, म्हणजे काय बोलतो ते नीट ऐकू यावं.

"अक्का," तो म्हणाला, "हात."

"हाताला काय झालं?"

मान खाली घालून त्याने किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. "काही नाही," तो म्हणाला.

तिने त्या पदराला बांधल्या आणि आम्हाला वाडगाभर दही दिलं. रघुजीने वाडग्याची कड पुसली, एक चमचा खाल्ला, आणि जरा थांबून मला म्हणाला, "साडूभाऊ, थेट आमच्या डेअरीसारखं आहे."

मी त्याला उजवीकडे बसवून घेतलं.